माती शोधताना मोती का सापडतो?

[पडद्यावर : शोधाची रिकामी चौकट. अक्षरं उमटतात – ‘माती’.]

शोधलं ‘माती’. पहिलाच निकाल आला, ‘समुद्रतळाशी मोती’. त्याखाली, ‘आकृतीला तीन मिती असतात’. मातीबद्दलच्या ओळीही आल्या आहेत, पण या गर्दीत मिसळून.

डेटाबेस आहे एसक्यूलाइट आणि त्यातली पूर्ण मजकूर शोधणारी यंत्रणा आहे एफटीएस५. एररचा कुठे पत्ता नाही. यंत्रणेच्या हिशेबाने तिचं उत्तर बरोबरच आहे. गडबड झाली आहे ती शोधण्याच्या आधी, मजकूर आत घेताना.

अशी यंत्रणा शोधाच्या वेळी सगळा मजकूर वाचत बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची तिने आधीच करून ठेवलेली असते : कोणता शब्द कोणत्या नोंदीत, कितव्या जागी. पण शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कोण ठरवतं? ते काम टोकनायझरचं. मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकनं, तो पाडतो आणि सूचीत ते तुकडेच जातात.

[पडद्यावर : सूचीतल्या टोकनांची यादी. म. त. प. स. तक.]

एफटीएस५ मध्ये ही सूची उघडून बघायची सोय आहे. ‘माती’ त्यात नाहीच. आहेत ‘म’ आणि ‘त’. ‘पुस्तक’ हा शब्दही नाही, त्याचे ‘प’, ‘स’ आणि ‘तक’ असे तीन तुकडे झाले आहेत. कारण साधं आहे. संगणकावर सगळ्या लिप्यांची चिन्हं नोंदणाऱ्या युनिकोड या मानकाने प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिला आहे. ‘म’ अक्षरांच्या वर्गात येतो. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळ्या वर्गात, जोडचिन्हांच्या. वेगळं काही सांगितलं नाही तर वापरला जाणारा टोकनायझर, नाव युनिकोड६१, अक्षरं आणि अंक घेतो आणि जोडचिन्हाला रिकाम्या जागेसारखं वागवतो. म्हणून माती, मोती आणि मिती तिघांचं सूचीत एकच रूप होतं : ‘म’, त्यापुढे ‘त’. शोधाच्या शब्दाचेही असेच तुकडे पडतात, आणि ते लागोपाठ जिथे दिसतील ती प्रत्येक ओळ उत्तरात येते.

यावर उपाय आहे. टेबल बनवताना जोडचिन्हांचे वर्गही शब्दात धरा, असं एका पर्यायाने सांगता येतं. एवढं केलं की माती पुन्हा अखंड होते. देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हा पर्याय पहिल्या दिवशी माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पण ‘दऱ्या’चं काय?

[पडद्यावर : ‘दऱ्या’ दोनदा, एकाखाली एक. डोळ्यांना फरक दिसत नाही. मग प्रत्येकाचे कोडबिंदू, म्हणजे चिन्हांचे युनिकोडमधले क्रमांक, उलगडतात.]

यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ला हलन्त लावलेलं असतं. दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडक चिन्ह. हे चिन्ह अक्षर नाही आणि मात्राही नाही, त्याचा वर्ग तिसराच. म्हणजे दुसरा ‘दऱ्या’ पुन्हा मधोमध तुटतो. ते चिन्हही शब्दात धरायला सांगितलं, तरी सूचीत दोन वेगळे शब्द राहतातच. एकाने टाइप केलेलं दुसऱ्याला सापडत नाही. ही दोन्ही रूपं एक करायची तर स्वतःचा टोकनायझर लिहावा लागतो, आणि डेटाबेसने तो आत बसवायला जागा ठेवलेली असावी लागते. ती जागा कशी आखायची, हा या गोष्टीतला सगळ्यात रसाळ भाग.

एफटीएस५ टोकनायझरकडून फक्त तीन फंक्शन मागतं : तयार कर, तुकडे पाड, आवरून टाक. पहिलं आणि तिसरं सरळ आहे. खरी कसोटी मधल्याची. त्याला मजकूर मिळतो, त्याची लांबी मिळते आणि एक कॉलबॅक, म्हणजे उलट हाक मारायचं फंक्शन, मिळतो. प्रत्येक टोकन सापडलं की कॉलबॅकला हाक मारायची आणि चार गोष्टी हवाली करायच्या : टोकन, त्याची लांबी, आणि मूळ मजकुरात ते कितव्या बाइटला सुरू होऊन कितव्या बाइटला संपतं.

हे बाइट कशाला? कारण सूचीतलं टोकन आणि कागदावरचा शब्द एकसारखे असतीलच असं नाही. निकालात शब्द ठळक करायचा असतो तो मूळ मजकुरातला. मजकूर बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे ‘माती’ १२ बाइटची. टोकनायझरने आधी मजकूर शुद्ध केला आणि त्या शुद्ध प्रतीवर बाइट मोजले, तर अदृश्य जोडक गळालेल्या पहिल्या जागेपासून पुढचे सगळे आकडे सरकतात. ठळक खूण भलत्याच शब्दावर पडते.

याशिवाय टोकनायझरला कळवलं जातं की तुकडे कशासाठी हवे आहेत : सूचीसाठी, शोधासाठी, की अर्धवट टाइप केलेल्या शब्दासाठी. ही छोटी खूण फार मोलाची आहे. समजा तुमचा टोकनायझर ‘ला’ हा प्रत्यय कापतो. कुणी ‘कलाकार’ लिहायला घेतलं आणि ‘कला’पर्यंत आलं. तिथे प्रत्यय कापला की उरतो ‘क’, आणि ‘क’ने सुरू होणारा झाडून सगळा शब्दकोश समोर येतो. शब्द अर्धा आहे हे माहीत असेल, तर कात्री बाजूला ठेवता येते.

मराठीत प्रत्ययांचा प्रश्न खोल आहे. ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्यात’ आणि ‘पाण्याला’ हेही हवंच असतं. ‘घरात’मधला ‘त’ कापायचा, पण ‘परात’मधला नाही. त्यासाठी एक चांगली सोय आहे : एकाच जागेवर दोन टोकनं ठेवता येतात. ‘थंड पाण्यात उडी’ यातल्या दुसऱ्या जागेवर ‘पाण्यात’ही ठेवायचं आणि ‘पाणी’ही. जागांचा क्रम बिघडत नाही, त्यामुळे पूर्ण वाक्प्रयोग शोधणाऱ्यालाही उत्तर मिळतं.

पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसने हेच काम दोघांत वाटलं आहे. पार्सर तुकडे पाडतो, शब्दकोश त्यांची मूळ रूपं देतो. शब्दकोशाने रिकामी यादी परत दिली तर शब्द वगळण्यासारखा आहे, आणि नल, म्हणजे काहीच नाही, असं दिलं तर ‘मला ठाऊक नाही, पुढच्याला विचारा’. ‘वगळ’ आणि ‘माहीत नाही’ यांत असा भेद करणं हे मला उत्तम रचनेचं लक्षण वाटतं. एफटीएस५ मध्येही टोकनायझर एकावर एक चढवता येतात. इंग्रजी शब्दांची शेपटं कापणारा पोर्टर दुसऱ्या टोकनायझरला पोटात घेऊनच चालतो.

[पडद्यावर : काळी चौकट, डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेतली, एसक्यूएलमधली, एका ओळीची आज्ञा.]

बाहेरचा टोकनायझर बसवायला अशी जागा ठेवणं धोक्याचंही ठरू शकतं. जुन्या एफटीएस३ मध्ये टोकनायझरची नोंदणी एसक्यूएलमधूनच व्हायची, आणि त्यात मेमरीतला पत्ता साध्या ब्लॉबसारखा, म्हणजे नुसत्या बाइटांच्या गठ्ठ्यासारखा, द्यायचा. म्हणजे ज्याला एसक्यूएल घुसवता आलं, त्याला हवा तो पत्ता देऊन प्रोग्रॅम तिकडे पळवता येणार. २०१६ मध्ये, एसक्यूलाइटच्या ३.११.० या आवृत्तीपासून ही वाट मुळातच बंद ठेवली गेली. हवी असेल त्याने ती मुद्दाम उघडायची. एफटीएस५ मध्ये नोंदणी सी भाषेतून होते आणि तिथला पत्ता एसक्यूएलच्या मजकुरातून घडवता येत नाही.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. टोकनायझरचं नाव टेबलच्या व्याख्येत लिहिलेलं असतं, कोड मात्र तुमच्या प्रोग्रॅममध्ये. तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडली आणि त्याच्याकडे तो टोकनायझर नसला, तर शोध चालत नाही. आणि नियम बदलले की जुनी सूची नव्या नियमांशी जुळत नाही. तेव्हा सूची नव्याने बांधायची आज्ञा द्यावीच लागते.

एक उणीव बरीच वर्षं राहिली. एकाच स्तंभात एक ओळ हिंदी आणि दुसरी मराठी असली, तर लिपी एकच असल्यामुळे कोणते प्रत्यय कापायचे हे टोकनायझरला कळायला मार्ग नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.४७.० आवृत्तीने नवा इंटरफेस दिला. आता मजकुरासोबत त्याची भाषा नोंदवता येते, शोधाच्या शब्दासोबतही सांगता येते, आणि तुकडे पाडणाऱ्या फंक्शनपर्यंत ती पोचते. जुने टोकनायझर जुन्या इंटरफेसवर चालू राहतात, त्यांना हात लावावा लागत नाही.