हेवी पाऊस आणि जड मासा

मंडळी, विषय 'हेवी' आहे, भाषण हलकं ठेवतो. (हसलात! म्हणजे पुढे बोलायला हरकत नाही.)

चीनमधल्या चेंगदू शहरातल्या एका कॉलेजात मी दोन वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलं कष्टाळू. तिथली कॉलेजप्रवेशाची गाओखाओ परीक्षा 750 गुणांची, त्यातले 150 परकीय भाषेचे, म्हणजे बहुतेकांसाठी इंग्रजीचेच. त्यामुळे शब्दांच्या याद्या तोंडपाठ. याद्या वर्णक्रमाने, म्हणून सुरुवातीलाच 'अबँडन' भेटतो, म्हणजे सोडून देणे. पोरं म्हणतात, पहिलाच शब्द शिकलो आणि लगेच अमलात आणला! माझं भांडण या याद्यांशी आहे. डावीकडे 'हेवी', उजवीकडे 'जोंग', म्हणजे चिनीतलं जड, झालं काम.

एका सकाळी धो धो पाऊस. एक मुलगा निथळत वर्गात आला. "सर, द रेन वॉज व्हेरी बिग." चिनीत पाऊस मोठाच असतो, 'दा यू'. मी फळ्यावर 'हेवी रेन' लिहिलं, तर हा विचारतो, पावसाचं वजन कोणी केलं? सगळा वर्ग हसला, मीही हसलो.

संध्याकाळी छत्री घ्यायला निघालो. माझं चिनी तेव्हा कोरं करकरीत. दुकानातल्या बाईंना ऐटीत सांगितलं, "जोंग यू!" बाईंनी दोनदा विचारलं, मग मुलाला हाक मारली, मग शेजारणीला. तिघांचा खल झाला आणि मला अगदी आपुलकीने मासळीबाजाराचा रस्ता दाखवण्यात आला. 'यू'चा सूर हुकला की पावसाचा मासा होतो. मी भर पावसात वजनदार मासा मागत होतो. (जाता जाता, तेच 'जोंग'चं अक्षर 'छोंग' वाचलं की अर्थ 'पुन्हा'. चेंगदूच्या शेजारच्या छोंगछिंगच्या नावात तेच आहे. पण ते पुन्हा कधीतरी.)

आपल्याकडे तरी काय? डोकं जड, पोट जड, अंतःकरण जड, पाऊस मात्र मुसळधार. 'हेवी' आपण घेतलं ते डिपॉझिटला आणि साडीला. अवजड वाहतूक म्हटलं की ट्रक-ट्रेलर डोळ्यांपुढे येतात. इंग्रजीतल्या 'हेवी ट्रॅफिक'मध्ये नुसत्या स्कूटर असल्या तरी भागतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मूळ मुद्दा आता पळत पळत.

काही ठिकाणी 'हेवी' आणि 'जोंग' यांचं जमतं: बोलण्यातला हेल, मनावरचं ओझं, मोठं नुकसान. तिथे मुलं चुकत नाहीत. काही ठिकाणी चिनीत 'दा' लागतो: पाऊस, बर्फ, वारा. आणि इथे गंमत, पाऊस-बर्फ इंग्रजीत हेवी, वारा मात्र स्ट्राँग! चहाही स्ट्राँग, चिनीत तो 'नोंग', दाट, आपला कडक. तिखट-मीठ सढळ हाताने खाणाऱ्याची चव चिनीत 'जोंग', इंग्रजीत तिला हेवी म्हणत नाहीत. सतत सिगारेट ओढणारा इंग्रजीत 'हेवी स्मोकर', चिनीत 'लाओ येन-छ्यांग', जुनी धूर-बंदूक. म्हणून वहीत 'हेवी' एकटा लिहू नका, पाऊस किंवा सिगारेट शेजारी बसवून लिहा. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी 1957 साली हेच सांगितलं, शब्द संगतीवरून ओळखावा.

एक राहिलंच. एका मुलीने लिहिलं होतं, 'माय फादर स्लीप्स हेविली.' यादीचा परिणाम, असं पुटपुटत मी लाल शाईने खोडलं. घरी येऊन कोश उघडला. वाक्य बरोबर होतं.