लॉटरीचं यंत्र आणि वाट पाहणारं घर

[दृश्य: सुपरमार्केटचं दार. बाहेर पडायच्या वाटेवर उभं असलेलं उंच यंत्र.]

कॅन्सस. अमेरिकेच्या मध्यावरचं, गव्हाच्या शेतांचं राज्य.

काचेआड स्क्रॅच तिकिटांच्या रंगीत रांगा आहेत. आधी वयाचा पुरावा द्यायचा, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स स्कॅनरसमोर धरायचं. वय १८ पूर्ण असेल तर पुढची पायरी. पैसे भरायचे, बटण दाबायचं, की तिकीट खालच्या खणात येऊन पडतं. मग खिशातलं नाणं काढून वरचा राखाडी थर खरवडायचा. त्याचा भुगा बोटाला चिकटून राहतो.

या सगळ्यात कुणाशी एक शब्दही बोलावा लागत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

कॅन्ससची लॉटरी १९८७ सालची. त्यानंतर कितीतरी वर्षं तिकीट हवं असेल तर काउंटरपलीकडच्या माणसाकडेच मागावं लागे. २०१७ मध्ये विधिमंडळाने यंत्रांना परवानगी देणारं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर सॅम ब्राऊनबॅक यांनी ते नाकारलं. त्यांचं म्हणणं असं, की याचा भार गरिबांवर पडेल. पुढच्याच वर्षी विधेयक पुन्हा आलं. तोवर गव्हर्नरपदी जेफ कॉलियर होते, पेशाने डॉक्टर. त्यांनी सही केली.

कायद्यात सावधगिरी आहे. यंत्र दिसायला किंवा वागायला जुगाराच्या मशीनसारखं नको. बक्षीस लागलं तर यंत्रातून पैसे मिळणार नाहीत, त्यासाठी विक्रेत्याकडे किंवा लॉटरीच्या कार्यालयातच जायचं. मात्र विधेयकाला खरं बळ मिळालं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. यंत्रांतून होणारा नफा मानसिक आरोग्यासाठी वापरायचा, असं त्यात लिहिलं होतं.

[दृश्य: कॅन्ससमधलं ओसावाटोमी गाव. झाडांमागे जुन्या सरकारी रुग्णालयाच्या इमारती.]

गरज खरी होती, अगदी जिवावरची होती. राज्याचं टोपिकातलं मनोरुग्णालय १९९७ मध्ये बंद झालं. ओसावाटोमीचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासूनचं. २०१५ मध्ये तिथल्या रुग्णसंख्येवर मर्यादा घालावी लागली, आणि त्याच वर्षअखेरीस सुरक्षेतल्या त्रुटींमुळे केंद्र सरकारची मान्यताही गेली. मान्यता परत मिळायला दोन वर्षं लागली. दरम्यान माणसांची मनं आजारी पडायची थांबली नव्हती. ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याला जगणंच नकोसं झालंय, असा माणूस साध्या इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात खाटेसाठी ताटकळत राहायचा. काही जण तर तुरुंगात जायचे, का तर त्यांना ठेवायला दुसरी जागा नव्हती. आजारी माणसाला कोठडीत ठेवणं याला मी व्यवस्था म्हणायला तयार नाही.

म्हणून कायद्याने यंत्रांच्या नफ्याची वाटणी ठरवली. पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ४० लाख डॉलर, पुढे दरवर्षी जास्तीत जास्त ८० लाख. त्यातले ७५ टक्के संकटकाळी आधार देणाऱ्या केंद्रांना. मन सैरभैर झालेल्या माणसाला पोलीसही जिथे नेऊ शकतात, आणि तिथे त्याला लगेच उपचार मिळतात, अशी ही केंद्रं. उरलेले २५ टक्के क्लबहाऊसना.

क्लबहाऊस म्हणजे काय, ते थोडं निवांत सांगायला हवं.

[दृश्य: न्यूयॉर्क. सार्वजनिक वाचनालयाच्या दगडी पायऱ्या.]

१९४० चं दशक. न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयातून सुटलेली काही माणसं एकमेकांना भेटू लागली, या वाचनालयाच्या पायऱ्यांवर. आपल्या गटाचं नाव त्यांनी ठेवलं, 'आम्ही एकटे नाही'. १९४८ मध्ये त्यांना एक घर मिळालं. बागेत कारंजं होतं, म्हणून फाउंटन हाऊस. पुढे त्याच धर्तीवर देशोदेशी क्लबहाऊस उभी राहिली.

इथे रुग्ण नसतात, सदस्य असतात. सकाळी येऊन कुणी भाजी चिरतं, कुणी फोन घेतं, कुणी हिशेब टंकतं. कर्मचारी शेजारी बसून तेच काम करतात. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराने ज्याची नोकरी गेली, मित्र सुटले, त्याला इथे निदान एवढं तरी ऐकायला मिळतं, की आज जेवणाचं तुझ्याशिवाय अडलं असतं.

[दृश्य: पुन्हा यंत्र. काचेवर दिव्यांचं प्रतिबिंब.]

आता मघाची गोष्ट. मला छळतं ते हेच. तिकीट विकताना मधला माणूस काढून टाकायचा, आणि त्यातून आलेला पैसा अशा घराला द्यायचा, जिथलं मुख्य औषधच माणूस आहे! काउंटरवरचा विक्रेता काही डॉक्टर नव्हे, हे कबूल. पण दिवसातून चौथ्यांदा आलेला चेहरा त्याला ओळखू येतो. यंत्राला लायसन्सवरचं वय तेवढं कळतं.

जुगाराचं व्यसन हाही मनाचाच आजार आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंगतीत नेऊन बसवलं. कॅन्सस लॉटरीच्या उत्पन्नातून या आजारासाठीच्या निधीला वर्षाला ८० हजार डॉलर मिळतात. त्याच निधीत कॅसिनोंच्या उत्पन्नाचाही २ टक्के वाटा येतो, पण लॉटरीकडून एवढेच.

तर मग हे पैसे नाकारायचे का? नाही. ज्याला आज रात्री खाट हवी आहे, त्याला पैसा कुठून आला हे विचारत बसायला उसंत नाही. पण मनाच्या आजाराचा खर्च आठवडाभरात किती तिकिटं खपली यावर टांगता ठेवणं मला मान्य नाही. तो राज्याने आपल्या तिजोरीतून करावा, जसा रस्त्यांचा करतो. लॉटरीचा पैसा त्यावर भर म्हणून यावा. आणि त्यातला मोठा घास आधी त्यांना मिळावा, ज्यांचं घर या तिकिटांपायीच बसलं.

[दृश्य: क्लबहाऊसचं ऑफिस. भिंतीवर नावांचा फळा. एक हात फोन उचलतो.]

क्लबहाऊसची एक जुनी रीत आहे. नेहमी येणारा सदस्य आला नाही, की दुसरा सदस्य त्याला फोन लावतो. रागावायला नव्हे, फक्त विचारायला.

पलीकडे घंटी वाजतेय.

"काल आला नाहीस. बरा आहेस ना?"