चालू कंडिशनचं इंजिन

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तासगावचे एक गुरुजी गॅरेजवर आले. गाडी दोरी बांधून ओढत आणलेली. मी बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले, "अण्णा, इंजिन गेलं ओ. आमच्या मेव्हण्यानं पुण्यात एक चालू कंडिशनचं इंजिन बघून ठेवलंय. तेवढं टाकून द्या." मी म्हटलं, "गुरुजी, आधी चहा घ्या." तो चहा तासभर चालला. त्या तासात जे बोलणं झालं तेच आज तुमच्यापुढं मांडतो. कारण गाडीचं इंजिन बसलं की प्रत्येकासमोर हेच दोन रस्ते येतात. दुसऱ्या गाडीतून काढलेलं जुनं इंजिन आणून टाकायचं, की उघडून, मापं घेऊन नव्यानं बांधलेलं घ्यायचं?

सांगली-मिरज रस्त्याला मी २६ वर्षं हेच काम करतोय. त्यामुळे याबाबत माझं एक मत आहे आणि ते मी लपवणार नाही. पण त्याआधी तिसराच प्रश्न. इंजिन गेलं कशानं?

गुरुजींची गाडी कवठेमहांकाळहून येताना तापली. काटा लाल पट्ट्यावर गेला, तरी "आता घर आलंच की" म्हणत त्यांनी ती पुढं रेटली. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता, त्याचा रिले, म्हणजे त्याला वीज सोडणारा स्विच, जळाला होता. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, तापून वाकलं, त्याखालचं गॅस्केट गेलं, पाणी ऑइलमध्ये उतरलं. आता समजा, मेव्हण्याचं इंजिन आणून टाकलं आणि पंख्याकडं कुणी बघितलंच नाही. तेही त्याच वाटेनं गेलं असतं. म्हणून इंजिन कुठलंही घ्या. रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, पंखा आणि टर्बो असेल तर त्याची ऑइलची नळी, एवढं तपासल्याशिवाय दुसरं इंजिन गाडीत उतरू देऊ नका.

आता जुन्या इंजिनाकडं येऊ. ते येतं कुठून? मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत मायापुरीला गाड्या तोडण्याचे मोठे बाजार आहेत. गाडीला मागून जोराची धडक बसली, विमा कंपनीनं ती निकालात काढली, इंजिनाला मात्र ओरखडा नाही, असं इंजिन हाती लागलं तर सोनंच. मी अशी इंजिनं बसवलीत आणि ती आजही पळताहेत. पण व्यापाऱ्याकडं रांगेनं दहा इंजिनं मांडलेली असतात, सगळी धुऊन, चंदेरी रंग मारून. त्यातलं कुठलं ५० हजार किलोमीटर पळालेलं आणि कुठलं अडीच लाख, हे इंजिनावर लिहिलेलं नसतं. किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डवर राहतो, आणि डॅशबोर्ड भंगारात गेलेला असतो.

आणि पुरातली इंजिनं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. गाड्या कशा बुडाल्या ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. बुडालेली गाडी नुसती उभी असेल तर आतून लगेच काही मोडत नाही. पाणी ओसरल्यावर कुणीतरी "बघू तरी, चालू होते का" म्हणून चावी मारतो, तिथं घात होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात वरखाली होणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर निघालाय, डोक्यावर पाणी आहे, त्याला जायला वाट नाही. मग पिस्टनला ढकलणारा कनेक्टिंग रॉडच वाकतो. चालत्या गाडीनं पाणी ओढलं तर विचारूच नका. रॉड फार वाकला तर ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, फोडून बाहेर येतो, ते एका परीनं बरं, निदान दिसतं तरी. थोडासा वाकला तर इंजिन चालू होतं, विकलंही जातं.

२०२० च्या जानेवारीत मीच फसलो. एका गिऱ्हाइकासाठी बाहेरगावाहून १२४८ सीसीचं डिझेल इंजिन आणलं. हे मूळ फियाटचं इंजिन; स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत तेच, त्यामुळे बाजारात भरपूर. व्यापाऱ्यानं जमिनीवर ठेवून, वायरिंग जोडून चालू करून दाखवलं. धूर नाही, खडखड नाही. मी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा काटा, पिशवीत घालून नेलेला, तो पिशवीतच ठेवून परत आलो.

गाडीत टाकलं तर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, थरथर थांबेना. गेज लावला. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर जवळपास सारखे, तिसरा बराच खाली. गिअरबॉक्स सोडवला. फ्लायव्हीलच्या मागच्या पोकळीत वाळलेला गाळ. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर पापुद्रा सुटला, त्यात गवताची एक काडी चिकटलेली. कुठल्या नदीचा ते देव जाणे, पण पुराचा गाळ सांगलीकराला ओळखायला शिकवावं लागत नाही. हेड काढलं, तर तिसरा पिस्टन वर आल्यावर बाकीच्यांपेक्षा मिलीमीटरभर खालीच थांबत होता. व्यापाऱ्याला फोन केला. म्हणाला, "चालू करून दिलं होतं की ओ तुम्हाला!" खोटं काय बोलला? त्यानं चालू इंजिन विकलं, मी चालू इंजिन घेतलं. मजुरी, ऑइल, गॅस्केट आणि गेलेले तीन दिवस माझ्या अंगावर.

तेव्हा जुनं इंजिन बघायला जाताना मिस्त्री बरोबर न्या आणि गेज पिशवीबाहेर काढायला लावा. पेट्रोल इंजिनाला साधारण १५० ते २०० पीएसआय कॉम्प्रेशन असतं, डिझेलला त्याच्या दुप्पट आणि वर. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. पण मी आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरातला फरक बघतो. दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत निघाली तर तिथूनच नमस्कार करून निघायचं. पेट्रोल इंजिनात जो सिलिंडर कमी दाखवतोय त्यात चमचाभर ऑइल सोडून परत गेज लावा. काटा वर आला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्यात, तिथंच राहिला तर व्हॉल्व्हची बैठक किंवा हेडचं गॅस्केट गेलंय. ऑइलचं झाकण उलटं करून बघा. आत दुधाळ कॉफीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं आहे. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज, आल्टरनेटरच्या जाळीत माती, ही पुराची खूण. रंग मारणाऱ्याचा ब्रश तिथंवर पोचत नाही. आणि ऑइल नवंकोरं, काकवीसारखं दाट भरलेलं असेल तर सावध व्हा. दाट ऑइलनं थकलेल्या इंजिनाचा आवाज चार दिवस झाकला जातो.

आणखी एक. नाव एकच असलं तरी एका गाडीतलं इंजिन दुसरीत जसंच्या तसं बसेलच असं नाही. टर्बो वेगळा, माउंटिंग वेगळं, सेन्सरचे प्लग वेगळे निघतात. मग "इंजिन स्वस्त मिळालं" म्हणता म्हणता वायरमनचं बिल वाढत जातं.

आता बांधलेलं इंजिन. आपल्या भागाला हा विषय नवा नाही. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हापासून नांगर आणि पंप इथल्या घराघरांत बोलण्यातले झाले. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा लायनर-पिस्टन बदलताना बघत आमची पिढी वाढली. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती सुटी नळी; झिजलेली उपसून काढायची आणि नवी बसवायची. बऱ्याच मोटारींत असा सुटा लायनर नसतो, ब्लॉकमध्येच बोअर, म्हणजे पिस्टनचं भोक, पाडलेला असतो. तो झिजला की कापून थोडा मोठा करायचा आणि त्याच्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. कारखान्यात हे माप थाऊत सांगतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस दोन-चार थाऊ जाड भरेल. पहिला ओव्हरसाइज दहा थाऊ, म्हणजे पाव मिलीमीटर. दुसरा वीस थाऊ.

मी ज्यांच्याकडं बोअरिंगला ब्लॉक पाठवतो ते कुपवाड एमआयडीसीतले काका आधी मशीनला हातच लावत नाहीत. ब्लॉक धुऊन, पुसून, गार होऊ देतात. मग बोअर गेज आत सोडतात. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं. एका बोअरची सहा मापं, चार सिलिंडरची चोवीस. खिशातल्या बारक्या पेन्सिलीनं ती बिलाच्या मागं लिहितात. एकदा मी घाईत होतो. म्हटलं, "काका, टाका की सरळ वीसमध्ये." चष्म्यावरून बघत म्हणाले, "दहात निघतंय तर वीसचं लोखंड कशाला खायचं?" बरोबर होतं. दहावर भागलं, म्हणजे त्या ब्लॉकला पुढं आणखी एक बांधणी शिल्लक राहिली.

हे एवढ्यासाठी सांगतोय, की बाजारात "बांधलेलं" हा शब्द फार सैल वापरतात. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासले, गॅस्केटचा सेट टाकला, वरून रंग. झालं बांधलेलं इंजिन! बोअर झिजून लंबगोल झालेला, त्यात नवी गोल रिंग. ती कशी धरणार? वर्षभरात ऑइल खायला लागतं आणि निळा धूर सुरू. खरी बांधणी म्हणजे बोअर मापून कापणं, होनिंग करणं, म्हणजे त्याची आतली भिंत घासून नीट करणं, क्रँकची जर्नल, म्हणजे बेअरिंगात फिरणारे गोल भाग, मापून गरज असेल तर ग्राइंड करणं आणि त्याच मापाची बेअरिंगं घालणं, हेडला तडा आहे का ते दाबाखाली तपासून मग फेसिंग करणं, म्हणजे त्याचा तळ सपाट करणं, रिंग बोअरमध्ये सरकवून तिची फट फीलर गेजनं बघणं. ऑइल पंप, वॉटर पंप, टायमिंगची चेन किंवा बेल्ट नवा. काही इंजिनांचे हेड बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, ते परत वापरायचे नसतात. तिथंही पैसे वाचवणारे भेटतात.

गिऱ्हाइकाला हे सगळं कळायला हवं असं मुळीच नाही. त्यानं फक्त कागद मागावा. बोअरची मापं, क्रँकची मापं, कुठल्या साइजचे पिस्टन टाकले, बोल्ट किती टॉर्कला, म्हणजे पिळाच्या किती जोरानं, आवळले. पिस्टनच्या डोक्यावर साइजचा आकडा कोरलेला असतो, हेड बसवायच्या आधी त्याचा मोबाइलवर फोटो मागा. जुने पिस्टन आणि बेअरिंगं पोत्यात घालून परत मागा, भंगारात तुम्हीच विका. जो मिस्त्री या मागणीवर चिडतो त्याच्याकडून गाडी उचला. माझ्याच धंद्यातली माणसं रागावतील, रागावू देत.

कागदावरून आठवलं. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच तुमच्या आरसी बुकात असतो. स्वतःचंच इंजिन बांधून घेतलं तर नंबर तोच राहतो, प्रश्नच मिटला. दुसरं इंजिन टाकलं तर ते आरटीओकडं नोंदवावं लागतं, आणि मोटार वाहन कायद्यात त्याला १४ दिवसांची मुदत आहे. मी तर म्हणतो, इंजिन विकत घ्यायच्या आधीच कार्यालयात जाऊन काय काय लागतं ते विचारून या. ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद आणि पक्कं बिल मागा, नाहीतर चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या बॉनेटखाली निघायचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेला सांगा, विमा कंपनीलाही. हे टाळलेली गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक नंबर जुळवून बघतं आणि माघारी फिरतं.

तर माझं मत. ब्लॉक धड असेल आणि गाडी अजून पाच-सात वर्षं वापरायची असेल, तर आपलंच इंजिन बांधून घ्या. वेळ जास्त लागेल, पहिलं बिल मोठं येईल. पण ते कसं वापरलंय, कुठं तापलंय, ऑइल कधी बदललंय, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. ब्लॉकच फुटला असेल, किंवा गाडीचं पत्र्याचं काम इतकं झालंय की दोन वर्षांपलीकडं ती ठेवायची नाही, तर जुनं इंजिन घ्या. मात्र गेज लावून, आणि वॉरंटी लेखी घेऊन. त्यात मजुरी धरली आहे का तेवढं वाचा. बहुतेक वेळा नसते.

गुरुजींनी बांधून घ्यायचं ठरवलं. मेव्हणे जरा नाराज आहेत. गाडी येत्या शनिवारी देतोय, पहिले हजार किलोमीटर जपून चालवायला सांगितलंय. म्हणजे रडतखडत नव्हे. एकाच वेगानं तासन् तास नको, आणि पाचजण बसवून, एसी लावून लगेच आंबोलीचा घाट नको. वेग कमी-जास्त करत तासगाव-सांगली केली तरी रिंगा बसतात. ५०० किलोमीटरला पहिलं ऑइल काढायला ते इथंच येतील. ते ऑइल मी पांढऱ्या ट्रेमध्ये उन्हात धरून त्यांना दाखवणार आहे. त्यात बारीक रुपेरी झाक दिसेल, तिला घाबरायचं कारण नाही, नवे भाग एकमेकांना घासून बसताना ती येते. चिमटीत घेऊन चोळायचं. बोटांना नुसती चमक लागली तर ठीक. कण टोचले तर गाडी इथंच ठेवायची आणि पुन्हा चहा मागवायचा.

नमस्कार.