ऑर्ग मोड: दाताची अपॉइंटमेंट ‘शेड्यूल’ करू नका!

नमस्कार मंडळी! ऑर्ग मोड म्हणजे ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधली टिपणं आणि कामांच्या याद्या ठेवायची सोय, आणि अजेंडा म्हणजे त्यातली तारखेवार कामांची यादी. मागच्या व्हिडिओखाली एकच तक्रार दहा तऱ्हांनी आलीय. “ताई, अजेंडा उघडला की जुनीच कामं तोंडावर येतात.” “झालेली मीटिंग जातच नाही.” एकाने तर लिहिलंय, ऑर्ग मोड वसुलीवाल्यासारखं दारात उभं राहतं. दादा, अगदी बरोबर ओळखलंत. ते वसुलीवालंच आहे. आपणच त्याच्याकडे चुकीचं खातं लिहून दिलंय.

आधी उजळणी, भरभर. ईमॅक्समध्ये फाइल उघडा, नावाच्या शेवटी डॉट ऑर्ग. ओळीच्या सुरुवातीला चांदणी आणि एक स्पेस दिली की शीर्षक, दोन चांदण्या म्हणजे पोटशीर्षक. टॅब दाबलं की घडी होते, पुन्हा दाबलं की उलगडते. कंट्रोल-सी कंट्रोल-टी, टुडू लागलं, म्हणजे काम करायचंय. परत तेच, डन, म्हणजे काम झालं. इन्स्टॉल काही करायचं नाही, २००७च्या ईमॅक्स २२ पासून ऑर्ग आतच येतं. अजेंडा मात्र कंट्रोल-सी ए वर आपला आपण बसवावा लागतो, सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ. आणि आपली फाइल अजेंडाच्या यादीत घालायला, त्या फाइलमध्ये असताना कंट्रोल-सी आणि डावा चौकोनी कंस. “अजेंडा कोरा येतो” म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच अडतं. झालं. हे सगळं तुम्हाला येतं.

आता मुद्द्याचं. तारीख लावायच्या तीन तऱ्हा आहेत. शेड्यूल्ड, डेडलाइन आणि नुसती तारीख. सगळा घोळ पहिल्या शब्दाचा आहे.

मी काय केलं होतं सांगते. रूट कनालची अपॉइंटमेंट मिळाली, मंगळवार, संध्याकाळी साडेपाच. आपण मराठीतसुद्धा काय म्हणतो? “अपॉइंटमेंट शेड्यूल केलीय.” म्हणून मी ऐटीत कंट्रोल-सी कंट्रोल-एस दाबलं. मंगळवारी गेले, दात भरून आले, रात्री भाताची पेज खाऊन झोपले. डन करायचं डोक्यातच आलं नाही, कारण दात तर झाला होता! बुधवारी अजेंडात तीच ओळ. गुरुवारी तीच ओळ, पुढे किती दिवस झाले त्याचा आकडा. आकडा रोज वाढतोय. मला वाटलं ऑर्ग बिघडलं. दहा-बारा दिवसांनी नवऱ्याने मागून स्क्रीन बघितली आणि विचारलं, “अजून किती दात राहिलेत?”

ऑर्ग बिघडलं नव्हतं. शेड्यूल्ड म्हणजे ‘या दिवशी आहे’ असं नाहीच. ‘या दिवसापासून काम हातात घ्यायचं’ एवढाच त्याचा अर्थ. हातात घेतलेलं काम तुम्ही डन म्हणेपर्यंत संपलेलं नसतं, म्हणून ते रोज पुढे येतं. ऑर्गच्या मॅन्युअलमध्येसुद्धा हा इशारा स्वच्छ दिलाय: मीटिंग शेड्यूल करतो त्या अर्थाने हा शब्द घेऊ नका. मॅन्युअल कोण वाचतं म्हणा! मीही दात भरून आल्यावरच वाचलं.

अपॉइंटमेंटला लागते ती नुसती तारीख. कंट्रोल-सी आणि टिंब. टोकेरी कंसात तारीख येते, त्या दिवशी अजेंडात दिसते, दुसऱ्या दिवशी गप्प. टुडूसुद्धा लावू नका तिला.

आता उलटी चूक, तीही माझीच. वीजबिल. भरायची शेवटची तारीख मी शेड्यूल्डमध्ये टाकली. बरोबर त्याच दिवशी सकाळी ते अजेंडात उगवलं, त्याआधी चकार शब्द नाही. त्या दिवशी माझी फाइल द्यायची घाई (मी भाषांतराची कामं करते), दुपारी नेट गेलं, संध्याकाळी आलं तेव्हा पाहुणे. दंड किरकोळ होता, पण घरात जी शोभा झाली ती विचारू नका. तिथे डेडलाइन हवी होती, कंट्रोल-सी कंट्रोल-डी. ती १४ दिवस आधीपासून अजेंडात टुणटुण करते, इतके दिवस उरले, इतके दिवस उरले. चुकवलीत तर ‘इतके दिवस झाले’ सुरू. “१४ दिवस फार होतात, डोकं उठतं” अशी एक कमेंट आहे. तर त्या टोकेरी कंसातच, तारखेनंतर, वजा ५ डी (-5d) लिहा. पाच दिवस आधी बोलेल.

(स्क्रीनवर तीन ओळी: मुहूर्त, पत्रिका, पापड)

तरी गोंधळ असेल तर घरातलं लग्न घ्या. मुहूर्त म्हणजे नुसती तारीख. मुहूर्त टळला की टळला, दुसऱ्या दिवशी तो तुमच्या दारात येत नाही. पत्रिका अमुक तारखेच्या आत छापून हातात हव्यात, ती डेडलाइन. आणि पापड लाटायला सोमवारी बसायचं, हे शेड्यूल्ड. सोमवारी नाही बसलात तर मंगळवारी पीठ तुमच्याकडे बघत बसणारच. एकाच कामाला शेड्यूल्ड आणि डेडलाइन दोन्ही लावता येतात बरं का. पत्रिकेचा मजकूर या तारखेला लिहायला घ्यायचा, त्या तारखेला छापून हव्यात.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: तारीख उलटून गेली तर काम शिल्लक राहतं का? नाही राहत, तर शेड्यूल्डला हात लावायचा नाही.

मध्येच एक आपल्या लोकांचा घोटाळा. एका काकांनी स्क्रीनशॉट पाठवला: सगळं बरोबर, फाइल यादीत, तरी अजेंडा कोरा. मी अर्धा तास बघत बसले. काकांनी तारीख हाताने लिहिली होती, देवनागरी आकड्यांत! काका, शीर्षक मराठीत लिहा, बाकी टिपणं मराठीत लिहा, मी सगळं मराठीतच लिहिते. पण तारखेतले आकडे इंग्रजीच (1, 2, 3) लागतात, नाहीतर ऑर्गला ती तारीख वाटतच नाही. हाताने लिहूच नका ना, कंट्रोल-सी टिंब कशाला दिलंय? हां, देवनागरीत टेबलाचे रकाने वाकडे दिसतात, ही तक्रार मान्य. माझेही दिसतात. मी बघायचं सोडून दिलंय.

“हे प्रोग्रामर लोकांचं काम” म्हणणाऱ्यांसाठी: ऑर्ग मोड २००३ मध्ये सुरू केलं कार्स्टेन डॉमिनिक यांनी, ते ॲम्स्टरडॅममधले खगोलशास्त्रज्ञ. स्वतःची कामं आणि टिपणं लावायला त्यांनी ते बनवलं. तेव्हा भाषांतरवालीला चालतं, तुम्हालाही चालेल.

आणि “ताई, तुमची पूर्ण सेटिंग फाइल द्या” म्हणणारे, नाही देणार! राग मानू नका. मी एकदा कुणाचीतरी चारशे ओळींची फाइल आणून चिकटवली, तीन दिवस रंग आणि फाँट लावण्यात गेले, आणि ज्या कामाची यादी करायची होती त्याच कामाची तारीख त्यात उलटली. आठवडाभर कोऱ्या ईमॅक्समध्ये तीन तऱ्हेच्या तारखा लावा. मग काय टोचतंय ते तुमचं तुम्हाला कळेल, तेवढंच बदला.

दर महिन्याच्या बिलाचं, म्हणजे तारीख आपोआप पुढे सरकवणाऱ्या अधिक १ एम (+1m) आणि टिंब अधिक १ एम (.+1m) यातला फरक, पुढच्या वेळी. फिल्टरची कँडल बदलायच्या कामाला मी यातलं काय लावलं तेही सांगेन. आता उठते, साडेपाचला डॉक्टरांकडे जायचंय. दुसरा दात. नुसती तारीख लावलीय.