बुडालेला कोळी मेलेला असतोच असं नाही

नमस्कार, श्रोतेहो. खाजणातले, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या किनाऱ्यावरच्या दलदलीतले, किडे, कोळी, कृमी मोजायला निघताना जाळीच्या आधी पिशवीत घालायचं ते भरती-ओहोटीचं कोष्टक. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती; अष्टमीनंतर भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. जमिनीतले सापळे भांगातच लावायचे. पुन्हा सांगतो, भांगातच. खरं तर हे कोष्टक शाळेत शिकवायला हवं. किनाऱ्यावरच्या मुलांना त्याइतकं कामाचं गणित दुसरं नाही.

सापळा म्हणजे साधा पेला. काठ जमिनीशी सपाट हवा. जरा वर राहिला की भुंगेरे वळसा घालून जातात. आत मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं पाणी आणि साबणाचे दोन थेंब, म्हणजे किडा तरंगत सुटत नाही. चिखलातलं पाणी पेला खालून उचलतं, म्हणून तो तारेच्या आकड्याने दाबून ठेवायचा.

आता कोळ्यांची गोष्ट. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या संशोधकांना बघायचं होतं की भरतीच्या पाण्याखाली लांडगा कोळी (जाळं न विणता धावून शिकार करणारे कोळी) किती तग धरतात. एक जात जंगलातली, दोन खाजणातल्या. सगळे समुद्राच्या पाण्यात बुडवले आणि दर दोन तासांनी ब्रशने डिवचत राहिले. जंगलातले कोळी २४ तासांत निपचित. खाजणातल्या एका जातीने २८ तास काढले, दुसरीने ३६. मग तेही थंड पडले. मेले असं समजून ते वजन करण्यासाठी वाळत ठेवले. काही तास गेले आणि एकाचा पाय हलला! मग दुसऱ्याचा. थोड्याच वेळात खाजणातले कोळी उठून चालू लागले. ते मेलेच नव्हते, बेशुद्ध होते! हवा संपली की त्यांचं शरीर ऑक्सिजनशिवाय जेमतेम धुगधुगी राखतं. हे २००९ साली प्रसिद्ध झालं.

म्हणून उधाणानंतर गवताच्या बुडाशी निपचित कोळी दिसला तर ‘मृत’ अशी नोंद घाईने करू नका. हवेशीर डबीत काही तास ठेवा, मग लिहा. बाकी कित्येक जीव पाणी चढताना उंच काड्यांवर सरकतात. सगळं गवत एकसारखं कापलं की त्यांचा आसराच जातो. उंच झुबके राखा.

चिखलाचा नमुना १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीने, १५ सेंटिमीटर खोल. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून तिथल्याच खाऱ्या पाण्याने धुवायचा. गोड्या पाण्यात मऊ कृमी फुगून तुटतात. बाटलीत ७० टक्के अल्कोहोल, चिठ्ठी बाटलीच्या आत आणि पेन्सिलीनेच, शाई विरघळते. कृमींचे तुकडे झालेच, तर फक्त डोकी मोजायची.