सायकॉलॉजीसाठी कर्ज काढताय? आधी हा एक कागद बघा

नमस्कार मंडळी. बारावीचे निकाल लागले की मला एकच प्रश्न येतो: "ताई, मुलीला सायकॉलॉजी करायचंय, कर्ज काढलं तर फिटेल का?" मी इथे वडोदऱ्यात शाळेत समुपदेशक आहे, मीही कर्ज काढूनच शिकले. म्हणून आज नीट बोलूया.

सुरुवातीचं पटकन सांगते. बीए तीन वर्षं, नव्या धोरणात ऑनर्स केलं तर चार. एमए दोन. शैक्षणिक कर्जात शिक्षण आणि वर एक वर्ष हप्ता नाही, मग साधारण १५ वर्षांपर्यंत फेड. साडेसात लाखांच्या वर गेलात की बहुतेक ठिकाणी तारण लागतं. हे सगळं बँकेत सांगतातच.

सांगत नाहीत ते हे: हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. ज्या दिवशी कॉलेजच्या खात्यात पहिली फी गेली, त्या दिवसापासून मीटर चालू.

मला बँकेत सांगितलं होतं, "आत्ता काहीच भरायचं नाही." आम्हाला वाटलं, व्याजही नाही. तीन लाख घेतले होते, एमएच्या दोन वर्षांसाठी. फेडीचं पहिलं स्टेटमेंट आलं तेव्हा दांडिया बाजारातल्या घरी बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले, चष्मा वर सरकवला आणि पेन्सिलीने एका आकड्याखाली दोनदा रेघ ओढली. ३,८२,५००. त्यांना वाटलं दुसऱ्याच कोणाचा कागद आलाय. मी अजून तो कागद जपून ठेवलाय.

(कागद कॅमेऱ्याजवळ धरून) आता तुमचं गणित. समजा पाच वर्षांत आठ लाख, दरवर्षी १,६०,०००, व्याज १० टक्के सरळव्याजाने. पहिल्या वर्षीच्या पैशांवर सहा वर्षं व्याज, दुसऱ्यावर पाच, असं करत शेवटच्यावर दोन. बेरीज ३,२०,०००. म्हणजे हप्ता सुरू होतो त्या दिवशी तुमच्या डोक्यावर ११,२०,००० असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १४,८००. पंधरा वर्षं घेतलीत तर १२,००० च्या आसपास, पण एकूण साडेएकवीस लाखांच्या वर जातात.

आता तेच उलट बाजूने बघा. पहिल्या वर्षी फक्त व्याज भरायचं तर महिन्याला १,३३३ रुपये. दुसऱ्या वर्षी दुप्पट, पाचव्या आणि सहाव्या वर्षी साडेसहा हजारांच्या वर. जड जातं, मान्य. पण हे भरलंत तर मुद्दल आठ लाखच राहतं आणि दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता १०,६०० च्या खाली येतो. काही बँका असं व्याज वेळेत भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात. मागा. स्वतःहून कोणी देत नाही.

हे गणित इंजिनिअरिंगलाही लागू आहे, मग सायकॉलॉजीचंच का सांगतेय? कारण सायकॉलॉजीत पदवी संपली म्हणजे कमाई सुरू, असं होत नाही. नुसत्या बीएवर लोक एचआरमध्ये जातात, संस्थांमध्ये जातात, चांगलं काम करतात. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला १९९२ च्या कायद्याखालच्या आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. आजवरचा रस्ता एमएनंतर दोन वर्षं एम.फिल., म्हणजे एकूण सात वर्षं. आणि बँकेचं घड्याळ? पाच अधिक एक, सहा. सातव्या वर्षी तुम्ही अजून हॉस्पिटलच्या वॉर्डात एम.फिल. शिकताय आणि हप्ता दारात उभा. पुढचं शिक्षण घेणार असाल तर मुदतवाढ मिळेल का, हे बँकेकडून लेखी घ्या. तोंडी नको.

एम.फिल. आता बंद होतंय, नवे कोर्स येतायत. कोर्सच्या नावात 'क्लिनिकल' आहे म्हणून आरसीआयची मान्यता आहे असं समजू नका, त्यांच्या यादीत त्या संस्थेचं नाव शोधा. खूप जण विचारतात, "ताई, डिस्टन्सने स्वस्तात करू का?" २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइन द्यायला मनाई केली आहे. कोणी सीट विकत असेल तर पैसे देऊ नका.

एका दादांनी लिहिलं, "सयाजीरावांच्या गावात शिक्षणासाठी कर्ज? तेव्हा सगळं फुकट होतं." दादा, १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, त्याचा मला अभिमान आहे. पण १९१३ ला बाबासाहेबांना सयाजीरावांकडून परदेशी शिकायला जी शिष्यवृत्ती मिळाली, तिच्यातही दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याची अट होती. ते १९१७ ला नोकरीसाठी इथे आले आणि या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. कमाटीबागेत जाल तेव्हा त्यांच्या त्या दिवसांची आठवण जपणाऱ्या संकल्प भूमीपाशी थोडं थांबा.

माझं मत विचाराल तर बीएसाठी कर्ज काढूच नका. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात एज्युकेशन अँड सायकॉलॉजी फॅकल्टी आहे, आधी तिथे प्रयत्न करा. सरकारी विद्यापीठाची साधी सीट आणि खासगी विद्यापीठाची सीट यांच्या फीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि आरसीआयची नोंदणी करताना तुमच्या बीएच्या इमारतीला काच होती की कौलं, हे कोणी विचारत नाही. कर्जाची ताकद शेवटच्या टप्प्यासाठी राखा, जिथे नोंदणी हातात येते.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला हप्ता नसलेल्या काळात व्याजात तीन टक्के मदत आहे, पण ठरावीक संस्थांनाच. तुमचं कॉलेज त्यात आहे का, हे फी भरायच्या आधी बघा.

आणि तुमच्या हातात बँकेचं मंजुरीपत्र असेल, तर व्याजदर, एकूण रक्कम आणि हप्ता कधी सुरू होणार ती तारीख, एवढंच कमेंटमध्ये लिहा. नाव, खाते नंबर नको. रविवारी बसून मी एकेकाचं गणित करून देते.