गलिबल: सहज गंडणाऱ्यासाठी इंग्रजी शब्द

नमस्कार श्रोतेहो. आजचा शब्द 'गलिबल'. स्पेलिंग लिहून घ्या: जी, यू, डबल एल, आय, बी, एल, ई. चुकते ते त्या 'आय'पाशी. 'रीडेबल', 'वॉशेबल' लिहिण्याच्या सवयीने हात तिथे 'ए' लिहून मोकळा होतो. बोलताना तो स्वर इतका पुसट निघतो की कानावर विसंबता येत नाही, त्यामुळे पाठच करावे. उच्चारही 'गुलिबल' नव्हे. सुरुवात 'गल' अशी, आणि जोर तिथेच.

'गल' हे जुने क्रियापद, अर्थ फसवणे. शेक्सपिअरच्या काळात फसणाऱ्या माणसालाही 'गल' म्हणत. गंमत म्हणजे 'गलिबिलिटी' हे नाम आधी, १८व्या शतकात आले आणि विशेषण त्याच्यामागून, १९व्या शतकात.

ज्याला गंडवता येते तो गलिबल. म्हणून हे विशेषण माणसाला लागते, थापेला नाही. खरी वाटेल अशी थाप 'प्लॉझिबल', आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा गलिबल. 'गलिबल' शब्द डिक्शनरीतच नाही, असे कुणी गंभीर चेहऱ्याने सांगितले आणि तुम्ही पाने उलटू लागलात, तर तुम्हीच. हा विनोद फार जुना आहे, तरी अजून चालतो.

खरी गफलत होते ती भाषांतरात. 'भोळा' म्हटले की आपण लगेच 'गलिबल' लिहितो. पण भोळेपणात आपल्याकडे माया असते. देवही भोळा असतो. 'गलिबल'मध्ये माया नाही, टीका आहे: समोरचा सांगतो ते हा तपासत नाही. शिफारसपत्रात एखाद्याचा साधेपणा सांगायचा असेल, तर हा शब्द चुकूनही वापरू नका. तिथे 'सिंपल'सुद्धा नको, त्यातून मंदबुद्धी असा अर्थ निघू शकतो. 'सिन्सिअर' किंवा 'अनअस्यूमिंग' चालेल. जगाचा अनुभव नाही म्हणून फसतो, तो 'नाईव्ह'. अनुभव आला की नाईव्ह माणूस सुधारतो; गलिबल मात्र पुन्हा फसू शकतो. 'हलक्या कानाचा' हा आपला वाक्प्रचार गलिबलच्या बराच जवळ जातो, फक्त तो चुगलीपुरता राहतो.

लेखी, जरा भारदस्त इंग्रजीत 'क्रेड्युलस' वापरतात. तो आणि 'क्रेडिबल' यांची अदलाबदल करू नका: क्रेडिबल साक्षीदारावर न्यायाधीश विश्वास ठेवतो, क्रेड्युलस न्यायाधीश कोणत्याही साक्षीदारावर ठेवतो.